वॉल्टची खुर्ची आणि माझा उजवा पाय

स्वतःच्या घरासमोर बसायला मिळावं, एवढीच माझी मागणी होती. सरकारकडे मी कधी काही मागितलेलं नाही आणि शेजाऱ्यांकडे गवत कापायचं यंत्र सोडून काही मागितलेलं नाही. तरी या एका मागणीपायी माझी नवी कोरी खुर्ची गावचा कारभार बघणाऱ्या टाउनशिपच्या कोठारात जमा झाली, चार जुलैची, म्हणजे स्वातंत्र्यदिनाची, मिरवणूक मध्येच थांबली, आणि अग्निशमन दलाच्या जवानांनी भर रस्त्यात माझ्या कमरेला लोणी चोळलं. टॅमरॅक काउंटीत ही हकिगत सध्या निरनिराळ्या प्रकारांनी सांगितली जाते. त्यातली खरी ही.

आधी माझा अधिकार सांगतो. मी, गॉर्डन प्रुइट, आयुष्यभर विमा कंपनीसाठी नुकसानीचे दावे तपासले. कुठलीही वस्तू नुसती पाहून ती केव्हा आणि कुठे मोडणार हे मी सांगू शकतो. शेजारच्या ड्वेन हॅचचा झोपाळा मोडणार हे मी त्याला आठवडाभर आधी बजावलं होतं. त्याने ऐकलं नाही आणि त्याची सासू पडली. ड्वेनचं म्हणणं, त्याने ऐकलं होतं.

आता जागेचा प्रश्न. आमच्या बेकर्स मिल गावची चार जुलैची मिरवणूक चर्च स्ट्रीटवरून जाते आणि आमचं घर चर्च स्ट्रीटच्या वळणावरच आहे. मिरवणूक बघायला याच्यासारखी जागा काउंटीत नाही, आणि नेमकी म्हणूनच ती आम्हाला मिळत नाही. फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधे जी गवताची पट्टी असते, तिच्यावर मिरवणुकीआधी ज्याने घडीची खुर्ची मांडली, ती जागा त्याची. खुर्चीवर नाव नसतं, जवळ राखणदार नसतो, तरी तिला कुणी बोट लावत नाही. याच गावात माझ्या पोर्चवरून दोनदा भोपळा चोरीला गेला आहे. पण मांडलेली खुर्ची कुणी हलवली असं आजवर घडलेलं नाही.

आमच्या घरासमोरची जागा क्लिंगर कुटुंबाची. पिढीजात. हे घर आम्ही वॉल्ट ऑस्ट्रँडर नावाच्या गृहस्थांच्या पश्चात विकत घेतलं, तेव्हा वकिलाने पाण्याच्या पाइपपासून मेपलच्या मुळांपर्यंत सगळं कागदावर आणलं. समोर क्लिंगर आहेत हे मात्र सांगितलं नाही. पहिल्या वर्षी मला वाटलं, पाहुणे आहेत. मी लिंबाचं सरबत नेऊन दिलं. त्यांनी पेले परत पाठवले आणि बर्फ कमी असल्याचं कळवलं. तेव्हापासून दरवर्षी मी पोर्चवरून मिरवणूक बघतो, म्हणजे घोड्यांचे कान, झेंड्यांचे वरचे अर्धे भाग आणि क्लिंगरांच्या टोप्या बघतो. घर घेऊन वीसेक वर्षं झाली तरी गाव आम्हाला 'वॉल्टच्या घरातले ते नवीन लोक' म्हणतं. मी तेही चालवून घेतलं. मी शांत माणूस आहे.

पण या वर्षी मार्लिनचा प्रश्न आला. मार्लिन माझी बायको. दातांच्या डॉक्टरकडे तिने जन्मभर स्वागतकक्ष सांभाळला. निवृत्त झाल्यावर आमच्याकडच्या बायका रजया शिवतात, टोमॅटो लावतात. मार्लिनने अग्निशमन दलाच्या बँडमधला मोठा ढोल मागून घेतला.

"इतकी वर्षं लोकांना 'हळू बोला, आत पेशंट आहे' असं सांगत आले," ती म्हणाली. "आता मी आवाज करणार."

आणि तिने केला. आमच्या गॅरेजमध्ये तिचा ढोल स्टँडवर ठेवलेला असे, ती बाजूला उभी राहून बडवी, आणि मी समोर रंगाच्या डब्यावर बसून उजव्या पायाने ठेका धरत असे. वाजवायची झकास. फक्त एका ठिकाणी गडबड व्हायची. चर्च स्ट्रीटच्या वळणावर बँडचं पहिलं गाणं संपतं आणि दुसरं सुरू व्हायच्या आधी सगळी वाद्यं थांबून काही वेळ नुसता ढोल वाजतो. तेवढ्यात मार्लिन घाबरायची आणि तिचा ठेका धावत सुटायचा. तालमीत दोनदा अख्खा बँड तिच्या ठेक्यामागे धावला होता. शेवटी बँडमास्तर लॉइड बीसली म्हणाला, "मार्लिन, मिरवणुकीत असं झालं तर पुढच्या वर्षी तू बॅनर धर."

त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात नुसती बसून राहिली. "बॅनर, गॉर्डन! बॅनर धरणाऱ्याला तोंड सुद्धा उघडावं लागत नाही." मग ती माझ्या बुटाकडे बघून म्हणाली, "तुझा पाय समोर दिसला की मी चुकत नाही. वळणावर पहिल्या रांगेत बस. मला तुझा पाय दिसला पाहिजे."

"दिसेल," मी म्हणालो. "शब्द दिला."

सल्ल्यासाठी मी ड्वेनकडे गेलो. ड्वेन शाळेची बस चालवायचा, त्यामुळे गावातल्या प्रत्येकाचं वागणं त्याला ज्याच्या त्याच्या लहानपणापासून पाठ आहे. "क्लिंगरांच्या आधी खुर्ची ठेव," तो म्हणाला. "आठवडाभर आधी. आणि खुर्ची चांगली घे, पेला ठेवायला खाच असलेली. लोक मान देतात."

मी तशी घेतली. निळी, खाचेसकट. मेपलच्या झाडाशी मांडली आणि सकाळ-संध्याकाळ खिडकीतून तिच्याकडे बघत राहिलो. तिसऱ्या सकाळी ती नव्हती. टाउनशिपचा ट्रक घेऊन गेला होता.

टाउनशिपच्या कचेरीत शेरिल बसते. ती मार्लिनबरोबर चर्चच्या गायनवृंदात आहे, पण खिडकीच्या पलीकडे ती कुणाची ओळख ठेवत नाही.

"दोन जुलैच्या दुपारच्या भोंग्याआधी गवतावर खुर्ची ठेवता येत नाही, मिस्टर प्रुइट."

"पण ते गवत माझ्या घरासमोरचं आहे."

"गवत टाउनशिपचं आहे."

"मग गेल्या महिन्यात ते वाढलं म्हणून मला नोटीस का आली?"

"कापायचं तुम्ही." शेरिलने हे इतक्या समजुतीच्या आवाजात सांगितलं, की मी क्षणभर मान डोलावली. "खुर्ची कोठारात सुरक्षित आहे. रस्तेप्रमुखांनी सही केली की मिळेल."

"ते कुठे आहेत?"

"मासे धरायला गेलेत. पाच तारखेला येतील."

मी तिला सांगितलं, की मी कर भरणारा नागरिक आहे. ती म्हणाली, कर पलीकडच्या खिडकीत भरतात.  मी मानाने बाहेर पडलो.

दोन जुलैच्या दुपारी चर्च स्ट्रीट बघण्यासारखा असतो. प्रत्येक पोर्चवर माणसं उभी, हातात मिटलेल्या खुर्च्या, आणि सगळ्यांचे चेहरे असे की आम्ही आपले वारा खायला आलोय. कुणी कुणाशी बोलत नाही. अग्निशमन केंद्राचा दुपारचा भोंगा वाजला, की ऐंशीच्या घरातली माणसंही पळतात. मी स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची घेऊन दबा धरला होता. अंतर माझं सर्वांत कमी होतं. भोंगा वाजला, मी पायऱ्या उतरलो, आणि तोवर एक व्हॅन येऊन तिच्यातून क्लिंगर बाहेर पडत होते. त्यांची आजी अर्मा क्लिंगर पुढच्या सीटवरूनच हुकूम सोडत होती आणि मुलं, सुना, नातवंडं पटापट खुर्च्या उलगडत होती. तरी मी झाडाजवळ माझी खुर्ची टेकवलीच.

"ही चालत नाही," अर्मा म्हणाली.

"का नाही चालत?"

"अरे बाबा, ही जेवायची खुर्ची आहे. घडीची लागते. जेवायच्या खुर्च्या चालवल्या तर उद्या लोक पलंग आणतील."

मी आजूबाजूला पाहिलं. सगळा रस्ता माना हलवत होता. ड्वेनसुद्धा. मी खुर्ची उचलली. आता झाडाचं खोड आणि क्लिंगरांची शेवटची खुर्ची यांच्यात एक चिंचोळी फट तेवढी उरली होती. एवढ्या जागेत बसेल अशी घडीची खुर्ची कुणाकडे असणार? आणि मला आठवलं, आमच्या गॅरेजच्या आढ्याला एक आहे. घराबरोबर आलेली, अॅल्युमिनियमची, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांनी विणलेली. मी धावत जाऊन ती काढली, जाळी झटकली, फटीत नेऊन उलगडली. अगदी मापाची बसली.

मी विजयी मुद्रेने वळलो, तर रस्ताभर सगळे त्या खुर्चीकडे बघत उभे. अर्माच्या मोठ्या मुलाने टोपी काढली.

"ही वॉल्टची खुर्ची," अर्मा म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं.

मग मला कळलं, की ज्याच्या घरात मी वीस वर्षं राहतो तो माणूस कोण होता. वॉल्ट ऑस्ट्रँडरचं हार्डवेअरचं दुकान होतं. दर चार जुलैला तो याच फटीत, याच खुर्चीवर बसायचा आणि समोरून जाणाऱ्या प्रत्येक पथकाला मोठ्याने ओरडून दहापैकी गुण द्यायचा. शाळेच्या बँडला सहा. ट्रॅक्टरवाल्यांना सात. एका वर्षी त्याने अग्निशमन दलाला चार दिले, तर त्यांनी नवा बंब घेतला. दहा त्याने जन्मात कुणाला दिले नाहीत. तो गेल्यावर गुण बंद झाले, पण क्लिंगरांनी त्याची फट तेवढी कधी भरली नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं, ती झाडासाठी सोडली आहे.

संध्याकाळपर्यंत खुर्चीपाशी जिरेनियमची कुंडी आली, चार छोटे झेंडे आले, आणि इतिहास मंडळाच्या अध्यक्षा विनिफ्रेड टॉलिव्हर आल्या. बाईंनी चर्चमधले पितळी खांब आणि लाल दोर आणून खुर्चीभोवती कुंपण घातलं आणि वर पाटी लावली: 'कृपया बसू नये.'

"बाई, ही खुर्ची माझी आहे," मी म्हणालो. "घराबरोबर आली. आणि मला तिच्यावर बसायचंय."

"घर विकत मिळतं, मिस्टर प्रुइट. इतिहास नाही मिळत." त्यांनी माझ्या दंडावर थोपटलं. "पण वीस वर्षं तुम्ही ती जपून ठेवलीत. मंडळ तुमचं ऋणी आहे."

मी ती जपली नव्हती. ती उतरवायला शिडी आणावी लागते म्हणून राहिली होती. पण ज्या गावाने वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याबद्दल बरा शब्द काढला, त्याला मध्येच तोडणं मला प्रशस्त वाटलं नाही. मी अर्माला विचारून पाहिलं, की तुम्ही सगळे एक-एक वीत सरकलात तर? ती म्हणाली, "सरकलो असतो रे. पण त्या टोकाला हेन्री बसायचा." हेन्री तिचा नवरा. तो आता नव्हता, पण तोही सरकत नव्हता.

तीन तारखेला वॉल्टची बहीण बर्निस खुर्ची बघायला आली. नव्वदीची बाई, वृद्धाश्रमाच्या गाडीतून, चाकाच्या खुर्चीवर. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "कंजूष होता. गुणांच्या बाबतीत तर फारच." मग तिने उद्यासाठी आपली चाकाची खुर्ची समोरच्या फुटपाथवर लावायला सांगितली.

"मग तू कुठे बसणार?" रात्रीच्या जेवणाला मार्लिनने विचारलं. तिने मक्याच्या कणसाला हात लावला नव्हता.

"ते माझ्यावर सोड."

"गॉर्डन, मला खरंच भीती वाटतेय."

मी तिला म्हणालो की मी बोललेलं करतो. कसं करणार याची मला तेव्हा काही कल्पना नव्हती, पण तपासनीस असताना मी एक शिकलो, की चेहरा खंबीर ठेवला की लोक पुढचं विचारत नाहीत.

चार जुलैला ऊन छान पडलं होतं. टॉलिव्हरबाईंनी मला दोराच्या मागे, इतिहासाचा रक्षक म्हणून उभं केलं. माझ्या पुढे पाटी, कुंडी, रिकामी खुर्ची, एका बाजूला झाड आणि दुसऱ्या बाजूला क्लिंगर. शेरीफची गाडी गेली, जुने ट्रॅक्टर गेले, दातांच्या डॉक्टरांचा पुठ्ठ्याचा राक्षसी दात गेला. बेसबॉलवाल्या पोरांनी खाऊ म्हणून फेकलेली एक गोळी माझ्या कानावर बसली. मग वळणावर बँड दिसला.

पहिलं गाणं संपलं. सगळी वाद्यं थांबली आणि मार्लिनचा ढोल एकटा वाजू लागला. धम, धम, धम. ती पहिल्या रांगेच्या कडेला होती, ढोल पट्ट्यांनी अंगावर बांधलेला, हनुवटीपर्यंत आलेला, आणि डोळे आमच्या झाडापाशी काहीतरी शोधत होते. सापडत नव्हतं. धम-धम. धमधम. तिचा चेहरा मी ओळखतो. लग्नात अंगठी सापडत नव्हती तेव्हा असाच झाला होता. मागच्या रांगेतल्या तुतारीवाल्याचा पाय चुकला. लॉइड बीसली मान वळवून बघू लागला.

मी दोर ओलांडला.

"मिस्टर प्रुइट!" बाई ओरडल्या.

एवढ्या घाईतही मी खुर्चीची तपासणी केली, ती माझी सवयच आहे. सांगाडा मजबूत, खिळे जागेवर, पट्ट्या उत्तम. मी बसलो.

पट्ट्या उत्तम नव्हत्या. वीस उन्हाळे गॅरेजच्या पत्र्याखाली त्यांचा भुगा झाला होता. फाडकन आवाज आला, माझी बैठक सांगाड्यातून आरपार खाली गेली, गुडघे हनुवटीला भिडले आणि दोन्ही पाय आकाशात. मला वर येता येईना की खाली जाता येईना. भोवती सगळं गाव होतं. त्या अवस्थेत माणसाने स्वतःच्या प्रतिष्ठेचा विचार करावा, आणि मी तो करणारही होतो. पण ढोल धावत होता, आणि मी शब्द दिला होता. जो उजवा पाय ठेक्यासाठी आणला होता, तो अजून माझाच होता. मी तो हवेत हलवला. एक. दोन. एक. दोन.

मार्लिनने पाहिलं. आधी तिचं तोंड उघडं पडलं, मग ओठ आवळले गेले, आणि ढोल हळू झाला. धम. धम. धम. माझ्या बुटाबरोबर. दुसरं गाणं नेमकं ठोक्यावर सुरू झालं आणि बँड माझ्या तळव्यांसमोरून असा शिस्तीत गेला, की मला अभिमानाने छाती फुगवायची होती. जागा नव्हती.

बँड पुढे गेला आणि सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. वॉल्टची खुर्ची मोडली होती आणि मोडणारा तिच्यातच होता. समोरच्या फुटपाथवरून एक चिरका, खणखणीत आवाज आला.

"दहा!"

बर्निस होती. सगळा चर्च स्ट्रीट उभा राहिला. अर्मा क्लिंगर रडत टाळ्या वाजवत होती. हे दहा बँडला की मला, यावर गावात अजून दोन तट आहेत. मी कुठल्या तटात आहे हे सांगायला नको.

मागोमाग अग्निशमन दलाचा बंब येत होता, तो माझ्यासमोर थांबला, म्हणून त्याच्यामागची मिरवणूकही थांबली. जवानांनी आनंदाने लोखंड कापायचं नवं यंत्र बाहेर काढलं. ते वापरायची संधीच त्यांना मिळाली नव्हती.

"कापू नका!" टॉलिव्हरबाई मध्ये पडल्या. "ऐतिहासिक आहे!"

"कोण, मी?" मी विचारलं.

"तुम्ही नाही."

शेवटी चर्चच्या कणसांच्या दुकानातून वितळलेल्या लोण्याची बादली आली. पुढचं मी सांगणार नाही, फोटो सगळ्यांकडे आहेत. सांगाडा आता इतिहास मंडळाच्या काचेच्या कपाटात आहे. खालच्या पट्टीवर लिहिलंय: 'वॉल्टर ऑस्ट्रँडर यांची खुर्ची. मोडली गॉर्डन प्रुइट यांनी.' म्हणजे काउंटीच्या इतिहासात माझं नाव आलं. आणि अर्माने सगळ्यांदेखत जाहीर केलं, की ती फट यापुढे गॉर्डनची. आम्हाला नवीन लोक म्हणणं त्या दिवसापासून बंद झालं.

संध्याकाळी आम्ही पोर्चवर बसलो होतो. मी उशीवर. लॉइड बीसली स्वतः येऊन सांगून गेला होता, की पुढच्या वर्षीही ढोल मार्लिनचाच. ती खांद्यांवरचे पट्ट्यांचे वळ चोळत हसत होती, आणि तिला इतकं सुखी पाहून मी भरून पावलो.

"बघ," मी म्हणालो. "सांगितलं होतं ना, पहिल्या रांगेत माझा पाय दिसेल. आता जागा कायमची आपली. पुढच्या वर्षी निळ्या खुर्चीवर ऐटीत बसतो आणि जमिनीवर ठेका धरतो."

मार्लिनने माझ्याकडे बघितलं.

"गॉर्डन, गॅरेजमध्ये आणि तालमीतही ढोल स्टँडवर होता. आज पहिल्यांदा अंगावर बांधला. अंगावर असला की मला त्याच्या खालचं काही दिसत नाही रे. रस्ता नाही, गवत नाही. तू नीट बसला असतास तर मला फक्त तुझी टोपी दिसली असती."

 समोरच्या गवतावर झाडाशेजारची फट दिसत होती. माझी, कायमची.

निळी खुर्ची मी कोठारातून सोडवून आणली आणि ड्वेनला देऊन टाकली. तिचं कापड मजबूत आहे, ती कधी मोडणार नाही, म्हणजे आमच्या काहीच कामाची नाही. सध्या मी शनिवारी लोकांच्या गॅरेजमधल्या जुन्या सामानाच्या विक्रीला जातो आणि पट्ट्यांच्या खुर्च्या दाबून बघतो. मला अशी हवी आहे, जी चार जुलैला, वळणावर, ढोल एकटा पडला की बरोबर मोडेल. मिळेल. या विषयात माझा अधिकार आहे.